साल विसरलेलं उत्तर

गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या भागातल्या काही शाळांनी मिळून दहावीच्या मुलांसाठी सामान्यज्ञान स्पर्धा ठेवली. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरमधून संघ आले. प्रश्न काढायचं काम माझ्याकडे आलं. मी शिकवतो उर्दू आणि मराठी. पण बी.एड.ला असल्यापासून सामान्यज्ञानाची पुस्तकं जमवायची सवय लागली, त्यामुळे असली कामं आपसूक माझ्या गळ्यात पडतात. विभाग चार ठरले : भूगोल, विमानं, संगीत आणि निरोप. शेवटचा विभाग मुलांनी सुचवला. स्पर्धेनंतर लगेच दहावीचे निरोप समारंभ सुरू होणार होते, म्हणून.

विमानांच्या विभागात माझा एक प्रश्न होता. "१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन विमानाने मुंबईला आले. ते कोणत्या देशातून निघाले होते?" माझ्या उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं : पाकिस्तान.

पहिली पाळी आमच्याच उर्दू शाळेच्या संघाची होती. मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, दुसऱ्या कुठल्याच देशातून नाही. तेव्हा पाकिस्तान नव्हतं. कराची आपल्याच इलाख्यात होती."

मी कागदाकडे पाहिलं आणि म्हणालो, "चूक." पुढच्या संघाने 'पाकिस्तान' म्हटलं आणि दहा गुण घेतले. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "हे तर कराचीला आपलीच म्हणणार!" हशा पिकला. मुलगा खाली बसला. आमचा संघ दहा गुणांनी हरला.

हसणाऱ्यांना मी काही बोललो नाही. स्पर्धेत असं चालतंच, असं स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. मुलगा मुसलमान, संघ उर्दू शाळेचा आणि विषय कराचीचा. त्या वेळी त्याची बाजू घेतली असती तर लोक माझ्याकडेही त्याच नजरेने पाहतील, अशी भीती मनात होती. हे लिहायला मला एक वर्ष लागलं.

रात्री घरी येऊन पुस्तकं काढली. मुलगा बरोबर होता.

कराची कुठे होती?

इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं सिंधचा कारभार मुंबईतून चालला. पुणे, धारवाड, अहमदाबाद आणि कराची ही सगळी एकाच इलाख्यातली गावं. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध वेगळा प्रांत झाला. म्हणजे १९३२ च्या ऑक्टोबरात ते विमान जिथून निघालं, जिथे थांबलं आणि जिथे उतरलं, ती तिन्ही ठिकाणं मुंबई इलाख्यातच होती. पाकिस्तान नावाचा देश व्हायला अजून पंधरा वर्षं होती.

सिंध वेगळा करायची मागणी म्हणजे फाळणीचीच सुरुवात, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. तेही साल विसरूनच. १९१३ मध्ये कराचीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा हा मुद्दा मांडणारे हरचंदराय विशनदास हे स्वागताध्यक्ष होते आणि ते सिंधी हिंदू होते. मुंबई लांब पडते, आमच्याकडे लक्ष देत नाही, अशी ती तक्रार होती. विदर्भाच्या किंवा मराठवाड्याच्या माणसाला ती नवी वाटणार नाही. त्या मागणीला हिंदू-मुसलमान रंग नंतर चढला.

मराठी माणसाचा कराचीशी संबंध कागदावरचा नव्हता. नारायण जगन्नाथ वैद्य हे मराठी गृहस्थ एकोणिसाव्या शतकात सिंधमध्ये शिक्षण खात्यात अधिकारी होते. १८५५ मध्ये सुरू झालेली कराचीची सरकारी शाळा पुढे त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. एन. जे. व्ही. हायस्कूल हे तिचं नाव आजही आहे. पाकिस्तानातल्या सर्वांत मोठ्या शहरात एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची शाळा चालते, हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. मी स्वतः शिक्षक असून!

आज कराची पाकिस्तानात आहे, त्यात वाद नाही. प्रश्न १९३२ चा होता, एवढंच.

विमान आणि बैलगाडी

त्या उड्डाणाची हकीकत मुलांना पूर्ण सांगावी अशी आहे. लंडनहून इंपीरियल एअरवेजचं टपाल कराचीपर्यंत यायचं. पुढे ते रेल्वेने देशभर जायचं आणि त्यात दिवसच्या दिवस मोडायचे. टाटांनी ठरवलं की कराचीहून पुढचा टप्पा विमानाने करायचा. कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून अठ्ठावीस वर्षांचे जे. आर. डी. एकटे एका छोट्या 'पस मॉथ' विमानात निघाले. ना रेडिओ, ना सोबती. अहमदाबादला उतरून इंधन भरलं. ते इंधन बर्मा शेलच्या डब्यांतून, बैलगाडीने विमानापर्यंत आलं होतं. दुपारी विमान जुहूला उतरलं. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट या टाटांच्या सहकाऱ्याने पुढचं टपाल बेळ्ळारीमार्गे मद्रासला नेलं. याच टपालसेवेतून पुढे एअर इंडिया उभी राहिली.

१९८२ मध्ये, पन्नास वर्षांनी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जे. आर. डीं.नी तेच उड्डाण पुन्हा केलं. जुनं 'लेपर्ड मॉथ' विमान, तीच कराची, तीच जुहू. फरक एवढाच की या वेळी निघायची जागा दुसऱ्या देशात होती. माझा प्रश्न १९८२ चा असता तर माझं उत्तर बरोबर ठरलं असतं!

विमानांचा आणखी एक धडा आमच्या दाराशी आहे, पण तो कुठल्याही सामान्यज्ञानाच्या पुस्तकात मला सापडला नाही. कल्याणहून हाजी मलंगला जाताना वाटेत नेवाळी लागते. मलंगगडाच्या वाटेवर आमची आई आम्हाला लहानपणी बसच्या खिडकीतून बोट दाखवून सांगायची, "इथं इंग्रजांची विमानं उतरायची." दुसऱ्या महायुद्धात सरकारने या भागातल्या गावांची शेतजमीन घेतली आणि तिथे धावपट्टी केली. युद्ध संपलं, इंग्रज गेले. जमीन मात्र संरक्षण खात्याकडे राहिली. ती परत मिळावी ही शेतकऱ्यांची मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. नौदलाने तिथे कुंपणाची भिंत घालायला घेतली तेव्हा, २२ जून २०१७ रोजी, आंदोलन पेटलं, गाड्या जळल्या, माणसं जखमी झाली. बातम्यांतून बाहेरच्या जगाने नेवाळीचं नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं असेल. पण तो दिवस ज्या सालापासून मोजायला हवा, ते युद्धाचं साल फारच थोड्या बातम्यांत होतं.

छावणीत उतरलेलं शहर

त्याच युद्धाने आमचं उल्हासनगर घडवलं. कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. पुढे पाठवायच्या सैनिकांना इथे बराकींत ठेवत. युद्ध संपल्यावर बराकी ओस पडल्या. ऑगस्ट १९४७ मध्ये फाळणी झाली आणि ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतल्या दंगलीनंतर तिथल्या हिंदूंचा धीर सुटला. कोणी आगबोटीने मुंबईला आलं, कोणी रेल्वेने. हजारो कुटुंबं या बराकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव पडलं. छावणीचं नाव मात्र गेलं नाही. आजही रिक्षावाल्याला आपण "कॅम्प तीन", "कॅम्प पाच" असंच सांगतो. लष्कर जाऊन पाऊणशे वर्षं झाली, पत्ता अजून लष्कराचाच आहे.

दोन वर्षांपूर्वी कॅम्प चारमधल्या ओळखीच्या एका सिंधी कुटुंबाने मला बोलावलं. पणजोबांची एक वही निघाली होती. घरात ती कोणालाच वाचता येईना. नातवंडं हिंदी आणि इंग्रजीत शिकलेली. सिंधी बोलता येते, पण लिपी गेली. "मास्टरजी, आपको तो उर्दू आती है," असं म्हणून वही माझ्या हातात दिली.

सिंधीची अरबी वळणाची लिपी उर्दूपेक्षा मोठी आहे. तिच्यात ५२ अक्षरं आहेत आणि त्यातल्या कितीतरी अक्षरांवरचे नुक्ते उर्दूवाल्याला बुचकळ्यात पाडतात. तरी अडखळत, अंदाज घेत निम्मंअर्धं वाचलं. मला वाटलं होतं की आठवणी असतील, एखादं भजन असेल. होती ती सामानाची यादी. पेट्या किती, गाद्या किती, तांब्या-पितळेची भांडी किती, कोणाकडे काय ठेवलं. 'ठेवलं' या शब्दावर घरातल्या आजी थांबल्या. ठेवलं म्हणजे परत घ्यायचं होतं. कायमचं जातोय असं लिहिणाऱ्याला वाटलंच नव्हतं.

त्या घरातून बाहेर पडताना मनात आलं, याच वेळी उलट्या दिशेनेही अशाच याद्या होत असतील. मुंबईहून, उत्तर प्रदेशातून मुसलमान कुटुंबं कराचीला गेली. त्यांनीही कोणाकडे काही ठेवलं असेल. त्या वह्या आता तिकडे कोण वाचत असेल?

केसरबाईंचा देश कोणता?

संगीताच्या विभागातला माझा आवडता प्रश्न असा होता : "अंतराळयानातून सूर्यमालेबाहेर गेलेला भारतीय गायिकेचा आवाज कोणाचा?" दोन संघांनी लता मंगेशकर म्हटलं, तिसऱ्याने उत्तरच दिलं नाही. उत्तर आहे केसरबाई केरकर. १९७७ मध्ये अमेरिकेच्या नासाने व्हॉयेजर १ आणि व्हॉयेजर २ ही याने सोडली. त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. पृथ्वीवरच्या वेगवेगळ्या संगीताचे २७ तुकडे तिच्यावर आहेत. त्यात भारताचा एकच आहे : केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. मैफल भैरवीने संपवायची आपली रीत, आणि पृथ्वीचा निरोप घेऊन निघालेल्या यानात आपल्याकडून गेली तीही भैरवीच. व्हॉयेजर १ चं उड्डाण ५ सप्टेंबर १९७७ चं. त्यानंतर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाईंचं मुंबईत निधन झालं.

आता साल लावून पाहू. केसरबाईंचा जन्म १८९२ चा, गोव्यातल्या केरी गावचा. गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे होता. म्हणजे केसरबाई पोर्तुगीज राज्यात जन्मल्या. त्यांना आपण परदेशी गायिका म्हणतो का? नाही, आणि ते योग्यच आहे. मग न्याय एकच ठेवायला हवा. आजचा नकाशा हातात घेऊन १८९२ चं केरी आपलं म्हणायचं आणि त्याच नकाशाने १९३२ ची कराची परकी ठरवायची, याला इतिहास म्हणत नाहीत. सोयीचं ते लक्षात ठेवलं आणि गैरसोयीचं पुसलं, एवढंच.

माझ्या उत्तरपत्रिकेत आणखी एक नाव सुटलं होतं. केसरबाईंचे गुरू उस्ताद अल्लादिया खाँ. राजस्थानात जन्मलेले, कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी स्थिरावलेले आणि १९४६ मध्ये मुंबईत वारलेले. त्यांची गायकी आज जयपूर-अत्रौली घराणं म्हणून ओळखली जाते आणि ती महाराष्ट्राने जपली. व्हॉयेजरमध्ये आवाज गोव्याच्या बाईंचा आहे, तालीम कोल्हापूरच्या खाँसाहेबांची आहे.

दुसरे खाँसाहेब मिरजेचे, अब्दुल करीम खाँ. जन्म उत्तरेतल्या कैराण्याचा, पण गाणं मिरज-पुण्यात रुजलं. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर ही त्यांची मुलं. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना गाडीत त्यांना बरं वाटेना. सिंगपेरुमालकोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर ते उतरले. फलाटावर बिछाना घातला, नमाज अदा केली, दरबारी रागात सूर लावून अल्लाहचं नाव घेतलं आणि तिथेच प्राण सोडला. मय्यत मिरजेला आणून ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात दफन झालं. आजही दर्ग्याच्या उरुसात देशभरातले गवय्ये तिथे हजेरी लावतात. गाणाऱ्याचा धर्म तिथे कोणी विचारत नाही.

येतो

निरोपाच्या विभागातला एक प्रश्न सोपा होता : "भारतातून शेवटची ब्रिटिश पलटण कधी आणि कुठून गेली?" २८ फेब्रुवारी १९४८, गेट वे ऑफ इंडिया. सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन कमानीखालून चालत गेली आणि बोटीत चढली. पंचम जॉर्ज बादशहाच्या १९११ च्या आगमनाची आठवण म्हणून बांधलेली ही कमान. बांधली स्वागतासाठी, नावाजली गेली निरोपासाठी.

या तारखेला कराचीची ती ६ जानेवारी जोडून पाहा, मधे आठच आठवडे आहेत. ज्या महिन्यांत गोरे सैनिक मुंबईच्या बंदरातून बोटीत चढत होते, त्याच महिन्यांत कराचीच्या बोटी मुंबईला लागत होत्या. जाणाऱ्यांना बँडची सलामी मिळाली; येणाऱ्यांना बराकीतली एक खोली आणि रेशनची रांग.

वर्गात मी निरोपाचे शब्द शिकवतो. उर्दूत 'अलविदा' आहे, अरबीतून आलेला, कायमच्या निरोपाचा गंभीर शब्द. रमजानच्या शेवटच्या शुक्रवारीही तो आपल्या तोंडी असतो. 'खुदा हाफिज' म्हणजे ईश्वर तुझं रक्षण करो. मराठीतली रीत मला सगळ्यांत जवळची वाटते. इथे निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. घरातला लहान मुलगा चुकून 'जातो' म्हणाला तर आजी त्याला दुरुस्त करते. त्या सिंधी वहीतला 'ठेवलं' हा शब्द मला याच जातीचा वाटला. तोही परत यायचा शब्द होता. फक्त परत येणं झालं नाही.

दहा गुण

अंबरनाथच्या शिवमंदिरावर एक शिलालेख आहे. त्यात शके ९८२ हा काळ कोरलेला आहे, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजांच्या कारागिरांनी एवढं देखणं मंदिर घडवलं, आणि ते कधीचं हे सांगायलाही विसरले नाहीत. साडेनऊशे वर्षांनी त्याच गावात राहणाऱ्या मास्तराने प्रश्नात साल लिहिलं आणि उत्तरात ते विसरला.

त्या मुलाला हे कुठून कळलं, ते मी दुसऱ्या दिवशी विचारलं. तो संध्याकाळी कॅम्प तीनमध्ये एका कापडाच्या दुकानात काम करायचा. गल्ल्याच्या मागे मालकाच्या वडिलांचा शाळेचा जुना दाखला काचेत लावलेला होता. त्यावर जिल्हा कराची, इलाखा मुंबई असं छापलेलं. "रोज दिसतं सर," एवढंच तो म्हणाला. मी त्याची माफी मागितली, पण स्टाफरूमच्या दारात, दोघांतच. हसले होते ते अख्ख्या सभागृहात.

म्हणून यंदाच्या निरोप समारंभात माईक हातात आल्यावर भाषणाऐवजी तो प्रश्न पुन्हा वाचला, बरोबर उत्तर सांगितलं आणि गेल्या वर्षी चूक माझी होती, त्या मुलाची नव्हती, हेही सांगितलं. सालं, नकाशे, दाखला, सगळं. सभागृहात बाकीच्या शाळांचे शिक्षकही होते. कोणी हसलं नाही. एक मॅडम नंतर येऊन म्हणाल्या, "सर, माझ्याही प्रश्नसंचात पाकिस्तानच लिहिलंय. आज घरी जाऊन बदलते."

तो मुलगा आता आयटीआयला आहे. संध्याकाळी मी त्याला फोन करून सांगितलं की ते दहा गुण तुझेच होते.

"सर, आता ते कुणाच्या खात्यात टाकणार?" तो हसून म्हणाला. मग जरा थांबून, "दुकानात शेठला सांगतो. त्यांना आवडेल."

फोन ठेवताना म्हणाला, "येतो सर."

(या लेखातले मुलांचे प्रश्न शिक्षकांनी आपल्या शाळेत खुशाल वापरावेत. फक्त प्रत्येक उत्तरासमोर साल लिहावं.)